चुकायची मुभा कुणाला?

गोल्फ हा आपला विषय नाही, असं आपल्यातलेच काही शहाणे म्हणतात. तो साहेबाचा खेळ, शेठचा खेळ, रिटायर कर्नलचा खेळ. आपण भाकरीवर लिहावं, नोकरीवर लिहावं, अत्याचारावर लिहावं. बरोबर आहे. पण मला सांगा दोस्तहो, त्या हिरव्या गालिच्यावरून साहेबाची पिशवी कोण वाहतो? भल्या पहाटे गवत कोण कापतो? तळ्यात पडलेले चेंडू कोण काढतो? भिंतीच्या अलीकडं कोण राहतो? जिथं जमीन आहे, पाणी आहे आणि आपला खांदा आहे, तो विषय आपलाच. मग तो खेळ का असेना! मी गोदीत बोजा उचलतो. वजन कुणाच्या खांद्यावर आणि नाव कुणाचं, एवढं कळायला मॅट्रिक पुरतं.

मला एकच गोष्ट मांडायचीय. नवशिका असणं हासुद्धा या देशात एक हक्क आहे, आणि तो जन्माच्या दारात वाटला गेलाय. गोल्फच्या मैदानावर तो उघड्या डोळ्यांनी दिसतो, म्हणून गोल्फ.

आधी खेळ समजून घ्या. ४६ ग्रॅमचा चेंडू, सव्वाचार इंचाचा खड्डा, असे अठरा खड्डे. कमीत कमी फटक्यांत चेंडू खड्ड्यात घालायचा. बस्स. चेंडू हलत नाही, समोर गोलंदाज नाही, अंगावर कुणी धावून येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे? आणि हाच खेळ नवशिक्याला रडवतो.

पहिल्या दिवशी शिकवणारा सांगतो: दांडा तळव्यात धरू नको, बोटांत धर. आवळू नको. पाय खांद्याइतके फाकव, गुडघे थोडे सैल सोड. फटका हातानं मारू नको, कमर आणि खांदा फिरव, हात मागून आपोआप येतील. नजर चेंडूवर. चेंडू वर उचलायला जाऊ नको. लोखंडी काठीनं खालच्या दिशेनं मार, काठीच्या तोंडाला जो उतार असतो तोच चेंडूला वर नेतो. हे सगळं ऐकून माणूस पहिला फटका मारतो. हवा! चेंडू तिथंच. दुसरा फटका जमिनीत. मातीचं ढेकूळ उडतं, चेंडू तिथंच. तिसरा लागतो, पण जायचं होतं समोर आणि जातो उजवीकडं झाडीत. मारणारा कारखानदाराचा मुलगा असो की मंत्र्याचा जावई, सुरुवात हीच. शेकडो फटके वाया घातल्याशिवाय एक सरळ फटका हाताला लागत नाही. या खेळात जन्मजात गुणवत्ता नावाची चीज पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडते.

मग नवशिका म्हणजे कोण? ज्याला चुकायला जागा मिळते, वेळ मिळतो, पैसा मिळतो, आणि चुकल्यावर न हसणारा एक माणूस मिळतो, तो नवशिका. सभासदाच्या पोराला हे सगळं मिळतं. बादलीभर चेंडू समोर ओततात. मार. चुकलास? दुसरा घे. तोही चुकला? "छान, येतंय." मागं उभा असलेला पगारी उस्ताद "छान, येतंय" म्हणायचेच पैसे घेतो. ते पोर सहा महिन्यांनी बरं खेळू लागलं की बाप मित्रांना सांगतो, याच्या रक्तातच आहे.

आता त्या पोराच्या मागं उभा असलेला दुसरा माणूस बघा. कॅडी. दहा-पंधरा किलोची पिशवी घेऊन अठरा खड्डे चालायचं म्हणजे सहा-सात किलोमीटर. खेळ त्याला डोळ्यांनी पाठ असतो. वारा कुठला, उतार कुठं, इथून किती अंतर, कुठली काठी द्यायची, हे साहेबाच्या आधी त्याला कळतं. फक्त एकच गोष्ट त्याला करायची नसते: मारायची. आणि चुकायची मुभा त्याला अजिबात नाही. चेंडू खड्ड्यापाशी पडला तर "मी मारला!" झाडीत गेला तर "तू चुकीची काठी दिलीस." खेळ साहेबाचा, चूक कॅडीची. या देशाची घटना लिहिण्याआधीची जी घटना होती ना, तिचं पहिलं कलम हेच होतं.

पुष्कळ क्लबांत सोमवारी मैदान बंद असतं आणि त्या दिवशी कॅडींना खेळू द्यायची रीत आहे. सहा दिवस डोळ्यांनी शिकायचं, सातव्या दिवशी हातांनी. तेही मेहेरबानीनं. कॅडी-मास्तरचं डोकं फिरलं की सोमवारही गेला.

म्हणून चेंबूरच्या पोरांनी वेगळा रस्ता काढला. तिथं गोल्फचं मोठं मैदान आहे आणि त्याच्या आसपास आपल्या वस्त्या. तिथल्या कॅडींनी बांधकामाच्या सळ्या वाकवून काठ्या केल्या, प्लास्टिकचे चेंडू घेतले आणि गल्लीबोळांत अठराऐवजी जमतील तेवढे खड्डे मांडले. पत्र्यावरून, गटारावरून, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या लुगड्याखालून फटका काढायचा. पोलंडचा छायाचित्रकार तोमाश गुदझोवाती यानं त्यांचे फोटो काढले, ते परदेशांत फिरले. जगानं वा वा केली. वा वा केल्यानं गल्ली रुंद झाली नाही.

माझा शेजारी असाच एक कॅडी. एकदा पाळी सुटल्यावर त्यानं माझ्या हातात वाकवलेली सळी दिली. मी ती हूक धरतो तशी धरली. तो म्हणाला, "अरे आवळू नको, कोवळं अंडं धरल्यासारखी धर." आता गोदीत हूक ढिला धरला तर गोणी पायावर येते. आमच्या हाताला आवळायचीच सवय. पण पुढं तो जे म्हणाला ते मला रात्रभर पुरलं. दोघांनी मिळून गोणी थप्पीवर टाकायची असते तेव्हा ताकद लावत नाहीत, झोका देतात. एकानं घाई केली की दोघांची कंबर जाते. तो झोका माझ्या अंगात होता. तो म्हणाला, "बघ, तुझ्या कमरेला खेळ येतोय, हाताला अजून कळलेला नाही." उस्ताद जो धडा पैसे घेऊन शिकवतो तो आमच्या कमरेत आधीच पडून आहे. फक्त त्याला स्विंग म्हणतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट आजची नाही आणि एकट्या गोल्फची नाही. पुण्यात पळवणकर बाळू नावाचा चांभाराचा पोरगा इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टी राखायला होता. गोऱ्या साहेबांना सरावाला गोलंदाज हवा होता म्हणून त्याच्या हातात चेंडू आला. कॅप्टन ग्रेगला त्यानं तासन् तास गोलंदाजी केली. साहेबाची फलंदाजी सुधारत गेली. बाळूच्या हातात बॅट मात्र कुणी दिली नाही. म्हणजे चेंडू टाकणं हे काम, आणि बॅट धरणं हा खेळ! त्या कामातूनच बाळू एवढा मोठा गोलंदाज झाला की १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. हिंदूंच्या संघाला त्याचे बळी चालत होते. त्याचा कप चालत नव्हता. त्याचा चहा बाहेर, मातीच्या कुल्हडात. पुढं १९३७ च्या निवडणुकीत हाच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि पडला, हेही विसरायचं नाही. एकट्या माणसाला आत घेऊन व्यवस्था त्याचा कसा वापर करते, ते त्यात दिसतं.

आता समुद्रापलीकडं चला. दक्षिण आफ्रिकेत नाताळच्या उसाच्या मळ्यांत आपल्या देशातून गिरमिटिये गेले. त्यांच्यातला पापवा सेवगोलम दरबानला कॅडी होता. कुणी शिकवलं नाही, म्हणून त्याचे हातही उलटे: सगळे उजवा हात खाली धरतात, हा डावा खाली धरायचा. कुठल्याही उस्तादानं पहिल्या दिवशी छडी मारली असती. त्याच उलट्या हातांनी त्यानं १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये तो गोऱ्यांच्यात खेळून नाताळ ओपन जिंकला. पाऊस पडत होता. गोरे खेळाडू क्लबच्या छपराखाली, आणि जिंकलेला माणूस बाहेर पावसात. तिथंच त्याच्या हातात करंडक ठेवला. आत बोलावलं असतं तर कायदा बाटला असता. १९६५ मध्ये त्यानं गॅरी प्लेअरसारख्या जगज्जेत्याला हरवून पुन्हा तीच स्पर्धा जिंकली, तेव्हा सरकारनं त्याला स्पर्धांतूनच बाहेर काढलं. नवशिका असताना दार बंद होतं; उस्ताद झाला तेव्हा भिंत बांधली.

आणि अमेरिका. ज्या काळ्या पँथरांच्या नावावरून १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्यांचा देश. तिथल्या व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेच्या नियमांत चक्क लिहिलेलं होतं: सभासद गोराच पाहिजे. तो नियम १९६१ साली गेला. तोवर लहानपणी कॅडी असलेला चार्ली सिफर्ड चाळिशीला टेकला होता. उमेदीची सगळी वर्षं दाराबाहेर गेली, तरी १९६७ मध्ये तो गोऱ्यांच्या मोठ्या स्पर्धेत जिंकलाच. ऑगस्टाच्या प्रसिद्ध मैदानावर १९८२ पर्यंत पिशव्या वाहायला काळेच कॅडी. पण खेळायला पहिला काळा माणूस आला तो १९७५ मध्ये, ली एल्डर. आणि सभासद म्हणून पहिला काळा माणूस १९९० मध्ये. बाई तर थेट २०१२ ला. खांदा आधी, मग हात, मग माणूस. सगळीकडं हाच क्रम.

आता मुद्द्यावर येतो. गोल्फमध्ये हँडिकॅप नावाची एक पद्धत आहे. क्लबातल्या गप्पांत राखीव जागांना शिव्या घालणाऱ्या प्रत्येकाला ती तोंडपाठ असते. मैदानाचं गणित समजा ७२ फटक्यांचं. पट्टीचा खेळाडू ७२ मध्ये संपवतो. नवशिका साहेब शंभर घेतो. दोघांची लढत कशी लावायची? तर साहेबाला त्याच्या आधीच्या खेळावरून, साधारण हिशेबानं, २८ फटक्यांची सूट. शंभरातून २८ गेले, राहिले ७२. बरोबरी! त्या दिवशी साहेबानं ९८ घेतले तर तो जिंकला. पट्टीचा खेळाडू हरला, आणि कुणी कुरकुर करत नाही. २०२० पासून साऱ्या जगाला एकच नियम लागू झाला आणि त्यात नवशिक्याला ५४ पर्यंत सूट मिळू शकते. अठरा खड्डे, प्रत्येकाला तीन फटके फुकट! आणि ही सूट कुठं द्यायची, त्याचंही गणित आहे. खड्ड्यांना अवघडपणाचे नंबर दिलेले असतात. सूट आधी अवघड खड्ड्यांवर. जिथं वाट बिकट, तिथं आधार आधी.

वाचा आणि मोठ्यानं हसा दोस्तहो. सकाळी हा माणूस २८ फटक्यांची सूट घेऊन कप जिंकतो, कप घरच्या कपाटात मांडतो, आणि दुपारी बियर पिताना म्हणतो की राखीव जागांमुळं देशाची गुणवत्ता गेली! च्यायला, तुझ्या कपाटातला कप कशानं आला? तिथं तुला लाज वाटली नाही. तिथं तू म्हणालास, सगळ्यांची सुरुवात सारखी नसते, मग सूट नको का, नाहीतर खेळात मजा काय. आम्ही दुसरं काय म्हणतोय?

यावर त्यांचा वकील म्हणेल, हँडिकॅप जन्मावर मिळत नाही, खेळावर मिळतो. खेळ सुधारला की कमी होतो. चांगला मुद्दा आहे, उत्तर ऐका. हँडिकॅप दिला जातो तो कुणाला खेळता येत नाही म्हणून. आम्हाला राखीव जागा मिळाल्या त्या आम्हाला येत नव्हतं म्हणून नाही. दार बंद होतं म्हणून. यातला फरक शिकलेल्यांनाच जास्त कळायला हवा. तुमची सूट तुमच्या कमतरतेची आहे, आमची सूट तुमच्या अपराधाची आहे. आणि कमी करायचं म्हणता? करू की. गोल्फमध्ये प्रत्येक फेरीचं कार्ड लिहितात, त्यावरून सूट वरखाली होते. तसं कार्ड आणा. विहिरीचं, भाड्याच्या खोलीचं, लग्नाचं, मॅनहोलात उतरणाऱ्या माणसाचं. फटके मोजा. खोटं कार्ड लिहिणाऱ्याला तुमच्याच खेळात बाद करतात, एवढं ध्यानात असू द्या.

आणखी एक गंमत. धंदेवाईक गोल्फमध्ये हँडिकॅप नाही. तिथं सूटबीट काही नाही, जेवढे मारले तेवढे लिहिले. गुणवत्तेचा उघडा आखाडा. तिथं कोण जिंकलं? अली शेर. दिल्लीच्या मैदानावर पिशव्या वाहून शिकलेला. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय धंदेवाईक खेळाडू तोच, आणि १९९३ मध्ये पुन्हा तोच. मुकेश कुमार, महूचा. होय, बाबासाहेबांचा जन्म झाला त्याच महूचा. २०१६ मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी दिल्लीत पॅनासॉनिक ओपन जिंकला. म्हणजे हिशेब असा झाला: ज्यानं पिशवी वाहिली तो सुटीशिवाय खेळतो, आणि ज्याच्या नावावर क्लब तो सूट घेऊन. आता सांगा, राखीव जागा कुणाला लागतात?

खांद्याबद्दलही एक शब्द. टोकियोच्या ऑलिंपिकात, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, अदिती अशोक एका फटक्यानं पदक हुकून चौथी आली. तिची पिशवी तिच्या आईनं वाहिली. सगळ्या देशानं त्या माउलीचं कौतुक केलं. बरोबर केलं. मग बाकीच्या खांद्यांनी काय पाप केलं? आईनं वाहिली तर माया आणि आमच्या माणसानं वाहिली तर टीप?

शेवटी जमीन. हा खेळ राजवाड्यात जन्मला नाही. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या पडीक, वाळवट, सगळ्या गावाच्या जमिनीवर जन्मला. आपल्या भाषेत गायरानावर. तिथल्या पार्लमेंटनं १४५७ साली त्याच्यावर बंदी घातली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून हाच खेळत बसायचे. सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान, जिथं १७६४ मध्ये अठरा खड्ड्यांची पद्धत पडली, ते आजही कुणा क्लबाचं नाही, सार्वजनिक आहे. रविवारी तिथं खेळ बंद असतो आणि गावातली माणसं लेकरं-कुत्री घेऊन फिरतात. हाच खेळ इंग्रजानं १८२९ मध्ये कलकत्त्याला आणला आणि भोवती कुंपण घातलं. इंग्रज गेला, कुंपण राहिलं, आणि कुंपणाची किल्ली आपल्याच सवर्ण धनदांडग्यांच्या खिशात गेली. २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबात पाहुणी म्हणून जेवायला आलेल्या एका खासी बाईला उठवलं, कारण तिच्या अंगावर तिच्या जमातीचा पोशाख होता आणि तो यांना मोलकरणीचा वाटला. तो क्लब उभा आहे सरकारकडून भाडेपट्ट्यानं घेतलेल्या जमिनीवर. म्हणजे जमीन सगळ्यांची, ताट त्यांचं.

१९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तेव्हा कसायला जमीन मागितली. ती मागणी अजून उभीच आहे, आणि मैदानाच्या आधी भाकरीची जमीन, यात वाद नाही. पण आपली पोरं आता शहरात आहेत आणि त्यांना नुसतं जगायचं नाही, खेळायचंही आहे. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सरकारी जमिनीवरच्या प्रत्येक गोल्फ मैदानानं आसपासच्या वस्तीतल्या पोरापोरींना शिकायला रोज ठरलेले तास द्यावेत. काठी, चेंडू, उस्ताद यांसह. कॅडीचा सोमवार मेहेरबानी म्हणून नको, लिहून दिलेला हक्क म्हणून हवा. कॅडीला कामगार म्हणून हजेरी, विमा, दुखापतीची भरपाई मिळावी. आणि हे नको असेल तर भाडेपट्टा रद्द करून मैदानावर शाळा, दवाखाना, घरं बांधा. आम्हाला दोन्ही चालेल.

आपल्यातल्या दोन तऱ्हांच्या लोकांनाही सांगून ठेवतो. एक म्हणतो, हा भांडवलदारी खेळ, थुंका त्याच्यावर. अरे, इंग्रजीही साहेबाचीच होती, कोटही साहेबाचाच होता. बाबासाहेबांनी दोन्ही घेतले आणि साहेबासारखे झाले नाहीत. दुसरा म्हणतो, आपला एक जण सभासद झाला, आता जिंकलो. एक माणूस आत गेला म्हणजे दार उघडलं असं होत नाही. तो आत गेल्यावर दार लावून घेतात.

मागायचं ते हे: नुसते जिंकलेले आमचे चार जण तुमच्या भिंतीवर फोटोत नकोत. आम्हाला चुकायला जागा हवी. भर दिवसा, हिरव्या गवतावर, सगळ्यांदेखत चुकायला. उद्या आमची एखादी पोरगी त्या मैदानावर उभी राहील, काठी बोटांत धरेल, कमर फिरवेल आणि पहिला फटका हवेत मारेल. हसू नका.

ती शिकतेय.